डागाचा कर्करोग केव्हा होतो, आणि केव्हा होत नाही?

"काल-परवापर्यंत धडधाकट होता हो, अचानक कॅन्सर निघाला!" मयतीला बसलेल्या माणसांच्या तोंडी हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही. कर्करोग असा अचानक निघत नसतो. बहुतेक कर्करोगांच्या आधी काही वर्षे, कधी कधी दहा-पंधरा वर्षे, एक मधली अवस्था असते. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा उठतो आणि तो पुसला तरी जात नाही. कधी लाल मखमलीसारखा डाग दिसतो, आणि हा लाल डाग पांढऱ्यापेक्षा जास्त घातकी असतो. सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू आखडते, तिखटाचा घास घेतला की आग होते, आणि एके काळी सहज आ वासणाऱ्या माणसाला भाकरीचा मोठा तुकडाही तोंडात घालता येत नाही. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखावरील पेशी बदलू लागतात, आणि तेथे तर बाईला स्वतःला काहीच दिसत नाही, दुखतही नाही. या सर्वांना डॉक्टर कर्करोगपूर्व अवस्था म्हणतात.

या अवस्थेतल्या प्रत्येकाला कर्करोग होतो का? होत नाही. एकाच टपरीवर, एकच पुडी खाणाऱ्या दोघांच्या गालांत सारखाच पांढरा चट्टा असतो. एकाचा वीस वर्षे तसाच राहतो किंवा तंबाखू सोडल्यावर विरून जातो, दुसऱ्याचा दोन वर्षांत फुटतो. आपण "ज्याचे त्याचे नशीब" म्हणून मोकळे होतो. आमचा नशिबावर विश्वास नाही, आणि सुदैवाने शास्त्रज्ञांचाही नव्हता. त्यांनी या प्रश्नाचा जो माग काढला, तो आपल्या माताभगिनींना आणि तरुण पोरांना माहीत असायला हवा, म्हणून हा लेख.

डागातल्या पेशींचे बिघडणे आधी समजून घेऊ. तंबाखूतील विषारी द्रव्ये पेशीच्या आतल्या जनुकांना इजा करतात. जनुके म्हणजे पेशीने केव्हा वाढावे, केव्हा थांबावे, केव्हा मरावे याचे हुकूम. एखादा हुकूम खराब झाला तर पेशी सांभाळून घेते, पण असे बरेच हुकूम एकामागून एक बिघडले की ती बेबंद वाढू लागते. ही झाली एक बाजू. अनेक वर्षे डॉक्टरांचे सारे लक्ष याच बाजूकडे होते. पण पेशी काही रिकाम्या माळावर राहत नाही. तिच्या आजूबाजूला आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा, म्हणजे संरक्षक पेशींचा सतत राबता असतो. त्या काय करतात आणि काय करत नाहीत, यावरही डागाचे पुढे काय होणार ते अवलंबून असते.

जर्मनीचे रुडॉल्फ फिरशो यांनी १८६३ मध्येच कर्करोगाच्या गाठींत पांढऱ्या पेशी पाहिल्या होत्या. त्यांनी अंदाज केला की, जेथे दीर्घकाळ सूज राहते तेथे कर्करोग उगवतो. १९०९ मध्ये पॉल एर्लिख यांनी नेमकी उलटी गोष्ट मांडली. आपल्या शरीरात कर्करोगाच्या पेशी वारंवार निर्माण होत असाव्यात आणि प्रतिकारशक्ती त्यांना वेळीच मारत असावी, नाही तर हा रोग याहून कितीतरी जास्त दिसला असता, असे त्यांचे म्हणणे. एक म्हणतो पांढऱ्या पेशी रोगाला खतपाणी घालतात, दुसरा म्हणतो त्याच रोगाला मारतात. शंभर वर्षे वाद चालला. शेवटी निघाले असे की, दोघेही बरोबर होते.

एर्लिख यांच्या बाजूचा पक्का पुरावा २००१ मध्ये आला. अमेरिकेत रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदीर असे घेतले, की ज्यांच्यात महत्त्वाच्या संरक्षक पेशी तयारच होत नव्हत्या. या उंदरांना साध्या उंदरांपेक्षा जास्त गाठी झाल्या. माणसांतही हेच दिसते. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला नवे मूत्रपिंड टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि अशा रुग्णांत काही कर्करोग कित्येक पटींनी जास्त आढळतात.

आता या पेशी काम कसे करतात ते पाहू. आमचा जन्म कचेरीत गेला, म्हणून कचेरीचीच उपमा सुचते. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या दारावर एक सूचनाफलक लावून बसलेली असते. आत कोणती प्रथिने तयार होत आहेत, त्यांचे बारीक तुकडे ती या फलकावर टाचून ठेवते. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी गस्त घालताना हे फलक वाचत जातात. ओळखीचा मजकूर दिसला की पुढे सरकतात. अनोळखी तुकडा दिसला, म्हणजे आत विषाणू शिरला आहे किंवा जनुक बिघडले आहे असे कळले, की मारेकरी टी पेशी त्या पेशीला भोक पाडून ठार करते. बिघडलेली पेशी फलकच काढून टाकते असेही होते. त्यासाठी दुसऱ्या जातीच्या पेशी आहेत. दारावर फलकच दिसत नाही ना, मग मार त्याला, असा त्यांचा खाक्या! त्यांना नैसर्गिक मारक पेशी म्हणतात.

इतकी चोख व्यवस्था असताना डागाचा कर्करोग व्हावाच का?

याचे उत्तर गर्भाशयमुखाच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट मिळाले आहे. तेथला कर्करोग बहुतेक सगळा एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार कर्करोगाच्या पेशींत शोधून काढले, आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आढळतो की, बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा तरी होऊन जातो. त्यात चारित्र्याचा प्रश्न काढणाऱ्याने आधी हे समजून घ्यावे. बहुतेक स्त्रियांच्या संरक्षक पेशी त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकून लावतात आणि बाईला पत्ताही लागत नाही.

पण हा विषाणू मोठा लबाड आहे. तो रक्तात जात नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. कातडीच्या वरच्या थरातच दबून बसतो आणि पेशीच्या दारावरचा फलक खाली उतरवायला लावतो. त्यामुळे काही जणींत तो राहून जातो आणि पेशी बदलू लागतात. या बदलाच्या तीन पायऱ्या मानतात. मधल्या पायरीवरच्या स्त्रियांचे शस्त्रक्रिया न करता फक्त लक्ष ठेवल्यास काय होते, याचा ३६ अभ्यासांतून घेतलेला आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत ३,१६० स्त्रिया होत्या. दोन वर्षांत साधारण ५० टक्के जणींचा बदल मागे गेला, ३२ टक्के जणींचा होता तसा राहिला आणि १८ टक्के जणींचा पुढच्या पायरीवर गेला. म्हणजे निम्म्या स्त्रियांच्या शरीराने स्वतःच काम केले.

मग या निम्म्यांत आणि उरलेल्या निम्म्यांत फरक काय? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील संशोधकांनी बदललेल्या भागाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ज्यांचा डाग पुढे विरला त्यांच्यात मारेकरी टी पेशी डागाच्या आतपर्यंत शिरलेल्या होत्या. ज्यांचा राहिला त्यांच्यातही टी पेशी होत्या, पण डागाच्या खालच्या थरात थांबलेल्या. पोलिसांची गाडी नाक्यापर्यंत यावी आणि गल्लीत शिरूच नये, तसा प्रकार. हे वाचून आम्हांला आमच्या वस्तीतल्या पुष्कळ गोष्टी आठवल्या, पण तो विषय वेगळा.

पेशी का थांबतात याची कारणे बरीच आहेत. डागाजवळच्या रक्तवाहिन्या त्यांना आत यायला दार उघडत नाहीत. दुसरे म्हणजे आपल्या शरीरात आवर घालणाऱ्या टी पेशीही असतात. संरक्षक पेशींनी आपल्याच अवयवांवर तुटून पडू नये म्हणून निसर्गाने त्या ठेवल्या. जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेच्या मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांना याच शोधासाठी २०२५ चे नोबेल मिळाले. वाढत्या डागाभोवती या आवर घालणाऱ्या पेशी जास्त जमतात आणि मारेकऱ्यांचा हात धरतात. तिसरे कारण, टी पेशीला ब्रेक असतात आणि बिघडलेली पेशी तेच ब्रेक दाबायला शिकते. ब्रेक सोडवणारी औषधे आली आणि २०१८ मध्ये जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना नोबेल मिळाले. ही औषधे लाखोंच्या घरातली. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात यांतल्या एका औषधाची नेहमीच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी मात्रा, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. आपल्या माणसांच्या खिशाचा विचार करून केलेले संशोधन विरळाच, म्हणून आवर्जून सांगितले. मात्र हे कर्करोग झाल्यानंतरचे. डागासाठी ही औषधे अजून नेहमीच्या वापरात नाहीत.

आता दुसरी बाजू, फिरशो यांची. मशेरी लावणाऱ्या, गालात तंबाखूची गोळी धरणाऱ्या माणसाच्या तोंडाला रोज, त्याच जागी इजा होते. इजा झाली की संरक्षक पेशी धावतात. त्यांत मॅक्रोफेज म्हणून मोठ्या, गिळणाऱ्या पेशी असतात. त्या मेलेले गिळतात, घाण साफ करतात आणि मग जखम भरून काढायला रासायनिक निरोप सोडतात: नव्या पेशी वाढवा, नव्या रक्तवाहिन्या काढा, तंतू विणा. साध्या जखमेत हे काम आठवड्यात आटोपते. पण जखम रोज होत असेल तर निरोप वर्षानुवर्षे सुटतच राहतात. ज्या पेशीचे जनुक आधीच बिघडले आहे तिला हे आयतेच खत मिळते. १९८६ मध्ये बोस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोराक यांनी कर्करोगाच्या गाठीची तुलना न भरणाऱ्या जखमेशी केली, ती यामुळेच. शिवाय या सुजेत संरक्षक पेशी जी तिखट द्रव्ये सोडतात, त्यांनी शेजारच्या चांगल्या पेशींच्या जनुकांनाही इजा होते. सुपारीने तोंड आखडते त्यातही हाच खेळ आहे. सुपारीतील द्रव्ये आणि त्यातून आलेली सूज तंतू विणणाऱ्या पेशींना थांबूच देत नाहीत आणि गाल आतून दोरखंडासारखे कडक होतात. "आम्ही तंबाखू खात नाही, नुसती गोड सुपारी खातो" असे सांगणाऱ्या पोरांनी लक्षात घ्यावे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवलेले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कागदावर किती आणि टपरीवर किती, ते वाचक जाणतातच.

म्हणजे त्याच पेशी, सुरुवातीला पहारेकरी आणि पुढे, सतत डिवचल्या गेल्या की, फितूर. म्हणूनच "प्रतिकारशक्ती वाढवा" अशी पाटी लावून चाळीचाळींतून जी पावडर विकली जाते, तिच्याविषयी आमचे मत वाईट आहे. कोणती शक्ती वाढवणार? मारेकऱ्यांची, आवर घालणाऱ्यांची, की फितुरांची? एकाही पावडरीने तोंडातला डाग कर्करोग होण्यापासून थांबवल्याचे सिद्ध झालेले नाही. डाग असलेल्या माणसाचे मात्र त्यात सहा-सहा महिने जातात. आमच्या माहितीतील एका मावशींच्या गालात चट्टा होता. एका दवाखान्याने त्यांना आठ महिने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, तुकडा तपासायला कोणी सांगितले नाही. "दादा, दुखतंय कुठं? मग कशाला मोठ्या हास्पिटलात जायचं?" असे त्या आम्हांला विचारत. शेवटी वस्तीतल्या आरोग्यसेविका ताईंनी हाताला धरून नेले, तुकडा तपासला, पेशी बऱ्याच बदललेल्या निघाल्या आणि चट्टा काढला. मावशी आज भाजीची पाटी घेऊन बसतात, आणि मशेरीचा डबा त्यांनी सुनेच्या हाती गटारात टाकला.

नुसते पाहत बसले तर काय होते, याची एक करुण कहाणी न्यूझीलंडची आहे. ऑकलंड शहरातील नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन नावाच्या डॉक्टरांचे मत होते की, गर्भाशयमुखावरील शेवटच्या पायरीचा बदलही सहसा कर्करोगात जात नाही. १९६६ पासून त्यांनी अनेक स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता नुसते लक्ष ठेवले. त्या स्त्रियांना आपण अभ्यासाचा भाग आहोत हे ठाऊकच नव्हते. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी एका मासिकात हे उघडकीस आणले, न्यायाधीश सिल्विया कार्टराइट यांची चौकशी बसली आणि १९८८ मध्ये अहवाल आला. पुढे २००८ मध्ये हिशोब मांडला गेला. ज्या १४३ जणींचा नुसता छोटा तुकडा घेऊन सोडून दिले होते, त्यांच्यात ३० वर्षांत कर्करोगाचे प्रमाण ३१ टक्के निघाले. ज्यांच्यावर सुरुवातीलाच नीट उपचार झाले, त्यांच्यात एक टक्काही नाही. शेवटच्या पायरीवर आपल्या पेशींच्या भरवशावर बसता येत नाही, हे त्या बायकांच्या जिवावर सिद्ध झाले.

आपल्याकडील दोन अभ्यासही वाचकांना माहीत हवेत. १९९८ पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. डॉक्टर नव्हे, दहावी शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायांनी तपासणी केली. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले असते ते, लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बदललेला भाग पांढरा दिसतो. एवढ्यावर या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने झाला. तेथे १,३१,७४६ स्त्रियांची गटवार विभागणी केली. विषाणूची चाचणी फक्त एकदा झालेल्या गटात ३४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. हा निकाल २००९ मध्ये जगभर गाजला. या दोन्ही अभ्यासांत एका गटाला तपासणीविना ठेवले, यावर टीका झाली आणि ती आम्हांला रास्त वाटते. त्या गटातल्या बायाही आपल्याच होत्या.

एच.आय.व्ही. सोबत जगणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द वेगळे. हा विषाणू मदतनीस टी पेशींनाच मारतो, त्यामुळे गर्भाशयमुखावरचा पहारा ढिला पडतो आणि या कर्करोगाचा धोका सहा पटींनी वाढतो. ए.आर.टी. च्या गोळ्या नियमित घेतल्या तर हे बदल कमी होतात आणि झालेले मागे जाण्याची शक्यता वाढते. इतर स्त्रियांनी तिसाव्या वर्षापासून तपासणी सुरू करावी, यांनी पंचविसाव्यापासून. मुलींसाठी लस आहे. ९ ते १४ वर्षे हे त्यासाठी उत्तम वय. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली, आणि कोवळ्या वयात एकच मात्रा दिली तरी चालते असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले आहे. लस पहारेकऱ्यांना चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवते. चोर घरात शिरून बसल्यावर मात्र तिचा उपयोग नाही, म्हणून वय महत्त्वाचे.

तोंडासाठी अशी लस नाही. तेथे रोजची जखम थांबवणे हाच इलाज. डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळ, गुजरात व आंध्रातील ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांमध्ये समजावणीचे काम केले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांनी तंबाखू सोडली त्यांच्यात नवे पांढरे चट्टे कमी उठले. तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात तंबाखू-दारू घेणाऱ्यांची तोंडे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसती डोळ्यांनी तपासली, तेवढ्याने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. तो निकाल २००५ चा.

तपासणी घरीही करता येते. सकाळी चूळ भरून, कवळी असल्यास काढून, उजेडात आरशासमोर उभे राहा. दोन्ही गाल बोटाने ताणून आतून पाहा, ओठ उलटून पाहा, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा आणि जीभ वर उचलून खालची जागा पाहा. पांढरा किंवा लाल डाग, न भरणारे व्रण, कडक गाठ यांपैकी काही दोन आठवड्यांनंतरही तसेच असेल तर दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जा आणि "तुकडा तपासायचा का?" हा प्रश्न स्वतः विचारा. डाग काढला तरी फेऱ्या चुकवू नका, कारण आजूबाजूची कातडीही त्याच तंबाखूत मुरलेली असते. मावशींना दर तीन महिन्यांनी बोलावले आहे, आणि त्या दिवशी भाजीच्या पाटीवर त्यांची सून बसते.